ईसीएम खरंच गेला आहे का?

वाचकांचे प्रश्न : धंद्याच्या गाड्या

पाऊस धरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक शब्द हमखास असतो : ईसीएम. इंजिनाला इंधन कधी आणि किती द्यायचं हे ठरवणारी ही ॲल्युमिनियमची पेटी. पत्रं इतकी साठली की या वेळी दुसरा विषयच घेतलेला नाही.

प्रश्न : माझी कॉमन-रेल डिझेल पिकअप आहे, २०१८ची. बेतूलच्या जेटीवरून मडगावला मासळी नेतो. आधी ती चालता चालता बंद पडायची आणि थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायची. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. स्कॅनर जोडला तर गाडी त्याला उत्तरच देत नाही. ‘ईसीएम गेला, नवीन घालावा लागेल’ असं गॅरेजमध्ये सांगितलं. घालू का?
– मासळी वाहतूकदार, बेतूल

उत्तर : अजून घालू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून इतकंच कळतं की ईसीएम बोलत नाही. एक तर त्याला सप्लाय पोचत नसेल, किंवा अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची जोडणी) मिळत नसेल, किंवा बाहेरची एखादी वायर नाहीतर सेन्सर शॉर्ट होऊन त्याला खाली ओढत असेल, किंवा तो खरोखरच मेला असेल. पहिल्या तीन गोष्टी मल्टिमीटर आणि एका बल्बने तपासता येतात. मासळीच्या गाडीत तर त्या आधी तपासायच्याच, कारण वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून झिरपत नेमकं वायरिंगवर येतं.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले पाहिजेत. सेल्फ मारताना ते ९.६च्या खाली जात असतील तर पुढचं काही तपासू नका, आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल बघा. कमी व्होल्टेजवर ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि स्कॅनरवर भलतेसलते कोड दिसतात.

मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. बहुतेक गाड्यांत पिवळा इंजिनचा दिवा दोन-चार सेकंद तरी लागतो. बाकीचे दिवे लागतात आणि हा एकटाच लागत नाही, तर ईसीएम जागा झालेला नाही. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ वर अर्थ आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज सिगारेट लायटरबरोबर असतो. मोबाइलच्या स्वस्त चार्जरने तो उडाला की स्कॅनर जोडला जात नाही आणि बिल फाडलं जातं ईसीएमच्या नावाने. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काढून ६ आणि १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कॅन लाइन (गाडीतल्या पेट्या ज्यांवरून एकमेकींशी बोलतात त्या दोन वायरी) शाबूत असेल तर तो ६० ओहमच्या आसपास येतो. १२० आला तर एका टोकाचा जोड तुटलाय, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

आता मुख्य तपासणी. ईसीएमचे फ्यूज नुसते डोळ्यांनी बघू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा. मेन रिलेच्या (ईसीएमचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून बघता येतो. तुमची गाडी चालता चालता बंद पडायची आणि थोड्या वेळाने चालू व्हायची, म्हणून या रिलेवर आमचा पहिला संशय आहे. क्रँक सेन्सरही (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) गरम होऊन असाच दगा देतो. पण सेन्सर नुसता बंद पडला तर स्कॅनर बोलतो. तुमच्याकडे तोही गप्प आहे.

पुढचं काम ईसीएमच्या कप्लरवर (वायरी जोडणारा प्लग), गाडीचा वायरिंग डायग्राम समोर ठेवून. चावी बंद करून कप्लर काढा आणि सप्लायच्या पिना व अर्थच्या पिना यांमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. कायमच्या सप्लायवर तो लगेच लागेल, चावीच्या सप्लायवर चावी ऑन केल्यावर. मेन रिलेमागच्या सप्लायसाठी रिलेच्या जागी फ्यूजवाली जंपर वायर घालावी लागते, कारण तो रिले ईसीएम स्वतःच ओढतो. बल्ब पूर्ण तेजाने लागला पाहिजे, मिणमिणता चालणार नाही. मीटरवर भागत नाही याचं कारण असं : वायरीचे सगळे धागे कुजून एकच उरला असला तरी मीटर १२.४ दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. नळ बंद असताना अर्ध्या बुजलेल्या पाइपातही प्रेशर पुरं दिसतं, तसंच हे. बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो, मग वायरीचं खरं रूप दिसतं. बल्बच्या पायांना बारीक पिना जोडून घ्या. कप्लरच्या छिद्रात जाड पिन खुपसली की आतलं पातं पसरतं आणि नवा लूज कॉन्टॅक्ट आपणच तयार करतो.

अर्थ तपासायचा तो कप्लर पुन्हा लावून, सेल्फ मारताना. मीटरचं एक टोक ईसीएमच्या अर्थ पिनेवर मागून, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.१ व्होल्टपेक्षा कमी आला पाहिजे. ०.३ आला तर अर्थचा बोल्ट शोधा. बॅटरीच्या ट्रेखाली किंवा सीटखाली १० नंबरच्या पान्याने निघणारा तो बोल्ट वरून ठीक दिसतो. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उचलला की खाली पांढरी-हिरवी पूड, आणि वायरीचं कव्हर बोटभर सोललं की आतलं तांबं काळं पडून कळंक चढलेला. तेवढा भाग कापून नवा लग दाबा, पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट, असं नको.

शेवटची गोष्ट ५ व्होल्टची. ईसीएम बाहेरच्या सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो : रेल प्रेशर, बूस्ट, ॲक्सिलरेटर पेडल, कधी एसीचा प्रेशर सेन्सर. यांतला एक आतून शॉर्ट झाला तर ती लाइन बसते, आणि काही गाड्यांत ईसीएम स्वतःलाच बंद करून घेतो. चावी ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कप्लर काढत जा. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले आणि इंजिनचा दिवा लागला, तर गुन्हेगार सापडला. सेन्सरची किंमत ईसीएमच्या मानाने किरकोळ.

सप्लाय पुरा, अर्थ पुरा, सगळे सेन्सर काढूनही ५ व्होल्ट नाहीत, वायरी शॉर्ट नाहीत आणि तरी ईसीएम गप्प, तर मात्र तो गेलाय म्हणा. बोलणाऱ्या ईसीएमच्या बाबतीत पी०६०१, पी०६०५, पी०६०६ असे ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे कोड पुसूनही लगेच परत येत असतील आणि सप्लाय चांगला असेल, तर तोही निकाल त्याच बाजूचा.

नवा घालण्याआधी जुना कशाने मेला ते शोधलंच पाहिजे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर चार्ज करतोय का? गाडी चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसतंय का? दिसत असेल तर अल्टरनेटरचे डायोड गेलेत. गाडी बंद करून इंजेक्टरांचे (इंजिनात डिझेल फवारणारे) कप्लर काढा. त्यांच्या पिनांपासून बॉडीपर्यंत काहीच कंटिन्युइटी (विजेला वाट) नको. ती मिळाली तर ईसीएमच्या आतला ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारा भाग) त्या इंजेक्टरनेच जाळलाय. इंजिन चालू असताना मात्र त्या वायरींना हात लावू नका, तिथे ६५-८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात. कोणी २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप दिला होता का, हेही गाडी चालवणाऱ्याला विचारा. सहसा ते कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न : भंगारात माझ्याच मॉडेलचा ईसीएम मिळतोय. नव्याच्या मानाने फारच स्वस्त. लावला तर चालेल का?
– वाचक, डिचोली

उत्तर : नुसता लावून बहुधा चालणार नाही. मॉडेल तेच असून भागत नाही, लेबलवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा. बॉशच्या डिझेल ईसीएमवर ०२८१ने सुरू होणारा आणि पेट्रोलच्या पेटीवर ०२६१ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो. त्याखाली गाडीच्या कंपनीचा वेगळा नंबर असतो. दोन्ही जुळवा. पेटी सारखी दिसते, कप्लर बसतो, पण एसी असलेली आणि नसलेली, बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण नियमांची, यांचं आतलं सॉफ्टवेअर निराळं.

त्यातून इमोबिलायझर. चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची एकमेकांशी जोडी लावलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची चावी ओळखत नाही : इंजिन एक-दोन सेकंद चालतं आणि बंद होतं, किंवा इंजेक्टर उघडतच नाहीत.

यावर वाट आहे ती क्लोनिंगची. जुन्या पेटीतली फ्लॅश आणि ईईप्रॉम अशा दोन्ही मेमरी वाचून त्याच हार्डवेअर नंबरच्या दुसऱ्या पेटीत जशाच्या तशा उतरवायच्या. मग गाडीला पेटी बदलल्याचं कळतही नाही, चावी चालते, इंजेक्टरांचे कोडही (त्यांच्याविषयी पुढे) आपोआप येतात. पण त्यासाठी जुन्या पेटीचा प्रोसेसर वाचण्याइतपत जिवंत हवा. म्हणून जुना ईसीएम कोणालाही ‘एक्स्चेंज’मध्ये देऊन टाकू नका. बंद पडलेलीही ती पेटी तुमच्या गाडीची सगळी माहिती धरून बसलेली असते.

दुरुस्तीचा पर्यायही आहेच. जळालेला ड्रायव्हर, फुगलेला कपॅसिटर, तुटलेला सोल्डर हे चांगला कारागीर बदलतो. पाणी शिरून बोर्डाच्या आतल्या थरांतले ट्रॅक खाल्ले गेले असतील तर मात्र पैसे घालू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलेला तसा बोर्ड चालू होतो खरा, आणि पुढच्या पावसात पुन्हा बसतो. झाकण सिलिकॉनने बंद केलेलं असतं. दुरुस्तीनंतर ते पुन्हा नीट सील केलंय का, हे पेटी हातात घेताना कडेने बोट फिरवून बघा.

प्रश्न : वाळपईला माझं लहान गॅरेज आहे. ईसीएम काढता-घालताना आणि प्रोग्रॅम करताना काय सांभाळायचं?
– गॅरेजमालक, सत्तरी

उत्तर : काढण्याआधी जुना बोलत असेल तर त्याच्याकडून सगळं लिहून घ्या : चेसिस नंबर, सॉफ्टवेअर नंबर, इंजेक्टरांचे कोड, डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) राख आणि काजळी यांचे आकडे, किलोमीटर. हे नंतर मिळत नाही.

चावी काढा आणि किमान पाच मिनिटं थांबा. बंद केल्यावरही मेन रिले काही वेळ धरून असतो आणि ईसीएम शिकलेली मूल्यं मेमरीत लिहीत असतो. धूर स्वच्छ करायला युरिया वापरणाऱ्या गाडीत युरियाचा पंप लाइन रिकामी करतो, तिथे थोडं अधिक थांबा. मग आधी निगेटिव्ह काढा. पेटीला हात लावण्याआधी चेसिसच्या उघड्या लोखंडाला हात टेकवा. कप्लरचं रंगीत लॉक आधी सरकवायचं, मग लिव्हर पूर्ण उचलायची. वायरी धरून ओढायचं नाही. उघडलेल्या कप्लरमध्ये टॉर्च मारा. वाकलेली पिन, हिरवटपणा, किंवा तेल. हो, तेल. ऑइल प्रेशर स्विच आतून फुटला की इंजिनचं तेल वायरीच्या कव्हरमधून धाग्याधाग्याने वर चढत ईसीएमपर्यंत येतं. पाणीही तसंच येतं. म्हणून बसवताना हार्नेस (वायरींचा जुडगा) पेटीच्या खाली उतरून मग वर चढेल असा वळसा ठेवा, थेंब त्या वळशावरून खाली पडतात. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीवर रोज चढणाऱ्या गाड्यांना खालून खाऱ्या पाण्याचे शिंतोडे बसतात, त्यांना हा वळसा असायलाच हवा. रबरी सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. पिनांवर ग्रीस थापू नका.

बसवताना पेटी आणि कप्लर आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. मूळ ब्रॅकेटवरच बसवा, काही गाड्यांत पेटीची बॉडी तिथूनच अर्थ घेते. पहिल्यांदा चावी ऑन करून अर्धा मिनिट तशीच ठेवा, स्कॅनर जोडा, मगच सेल्फ.

प्रोग्रॅमिंग अर्धवट तुटलं तर नवी पेटीही मेली म्हणून समजा. बेंचवर उघडून वाचवता येते, पण तो वेगळा खर्च. बॅटरीवर साडेतेरा व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय लावा. साधा चार्जर नको, त्याच्या करंटमध्ये लहरी असतात. हेडलाइट, ब्लोअर, केबिनचा दिवा बंद, आणि कोणी दार उघडझाप करायची नाही. लॅपटॉप इन्व्हर्टरवर. वाळपईत पावसाच्या दुपारी वीज किती टिकते हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून पॉवर सप्लायही इन्व्हर्टरवरच घ्या, किंवा गाडीच्या बॅटरीला समांतर दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी जोडून ठेवा. शेजारच्या माणसाशी गप्पा मारायच्या असतील तर अपडेट संपल्यावर मारा.

प्रश्न : केटरिंगची बीएस-६ डिझेल व्हॅन. नवा ईसीएम घातला, गाडी चालू झाली, पण आयडलिंगला खडखडते, धूर देते, आणि आता डीपीएफचा दिवाही लागलाय. ईसीएम खराब दिला का?
– वाचक, फोंडा

उत्तर : तशी शक्यता कमी. काम अर्धं राहिलंय असं वाटतं. प्रत्येक इंजेक्टर तयार होताना किंचित कमी-जास्त डिझेल सोडणारा निघतो, आणि तो फरक त्याच्या डोक्यावर कोडच्या रूपात छापलेला असतो : बॉशवर बहुधा ७ अक्षर-आकडे, डेल्फीवर १६ किंवा २०. हे कोड नव्या ईसीएममध्ये सिलिंडरच्या क्रमाने भरावे लागतात. ते न भरता गाडी चालते, पण तुम्ही लिहिल्यासारखी. डोक्यावरची काजळी डिझेलने भिजवलेल्या कपड्याने पुसून कोडचा फोटो घ्या; तारेच्या ब्रशने घासलात तर अक्षरंच जातील. एक नंबरचा सिलिंडर कुठल्या बाजूने मोजायचा ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज नको.

डीपीएफचं कारण वेगळं. नव्या पेटीला तुमच्या फिल्टरमध्ये आधीची किती राख आहे ते माहीत नाही. ते आकडे जुन्यातून घालायचे असतात. आधी इंजेक्टर कोड, मग डीपीएफचे आकडे, मग लागलं तर स्कॅनरवरून सर्व्हिस रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं). क्रम उलटा केला तर धूर देणारं इंजिन फिल्टर पुन्हा भरून ठेवतं. रीजनरेशनमध्ये फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, तेव्हा गाडी सुक्या गवतावर किंवा तुमच्या मांडवाच्या कापडाशेजारी उभी करू नका. झाल्यावर डिपस्टिक बघा. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर त्यात डिझेल मिसळलंय, तेल बदला.

प्रश्न : चवथीआधी पिकअपवर पाइपांसाठी कॅरिअर वेल्ड करून घ्यायचंय. ईसीएमला धोका आहे का?
– मंडप डेकोरेटर, पेडणे

उत्तर : आहे. निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, मग ईसीएमचे कप्लर. एबीएस असेल तर त्याचाही. वेल्डिंगचा अर्थ क्लँप ज्या तुकड्यावर वेल्ड चाललंय त्यालाच, वीतभर अंतरावर. बंपरला लावला तर करंट वायरिंगमधून वाट काढतो. खरं तर बोल्टने बसणारं कॅरिअर करा. समुद्राच्या हवेत वेल्डच्या जागचा पत्रा दोन पावसांत गंजतो, आणि कॅरिअर काढायची वेळ आली तर तेही सोपं.

प्रश्न : ईसीएम बदलल्यावर आरटीओत नोंद करावी लागते का?
– वाचक, मडगाव

उत्तर : नाही. आरसीवर चेसिस आणि इंजिन नंबर असतात, ईसीएमचा नसतो. फक्त नव्या पेटीत तुमच्याच गाडीचा चेसिस नंबर लिहिला गेलाय याची स्कॅनरवर खात्री करा, आणि बिलावर पेटीचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. ‘पेटी उघडलीच आहे तर ईजीआर-डीपीएफ बंद करून देतो’ (ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. १ एप्रिल २०२०पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६च्या, आणि गाडी कंपनीच्या मूळ स्वरूपापासून बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय असं सॉफ्टवेअर घातलेली पेटी पुढे बिघडली तर सर्व्हिस सेंटर तिची वॉरंटी नाकारू शकतं.